चामड्याच्या वाटीपासून ऑइल सीलपर्यंत

मुक्ताईनगरला महामार्गाच्या कडेला एक लहानसे गॅरेज आहे. गावाचे जुने नाव एदलाबाद. गॅरेजचे मिस्त्री बोलताना अजून तेच नाव घेतात. मागच्या मे महिन्यात भाच्याची मोटरसायकल घेऊन मला चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर जायचे होते. निघताना पाहिले तर पुढच्या शॉकअपच्या उजव्या पायातून तेल पाझरत होते आणि त्याचा ओघळ ब्रेकच्या चकतीपर्यंत पोचला होता. तेलकट चकतीवर ब्रेक धरत नाही, आणि महामार्गावर मागून ट्रक येत असतात. तेव्हा आधी गॅरेज गाठले.

ऑइल सीलची नवी जोडी मी शहरातल्या एका दुकानातून आधीच आणून ठेवली होती. दुकानदाराने सांगितले होते, "हे जरा टाइट बसेल, पण थेंबसुद्धा गळणार नाही." मला ते पटले होते. मिस्त्रींनी पुडी उघडली, सीलवरचा आकडा वाचला, फोर्कच्या नळीला व्हर्नियर लावला आणि सील माझ्या हातात परत दिले. "सर, नळी ३१ची, सील ३०चे. घट्ट बसवल्याने गळती थांबली असती तर बूचच ठोकले असते ना!"

रबराच्या रेणूंवर मी वीस वर्षे काम करतो आहे. तरी या वाक्याने मी थोडा चपापलो. माझा चेहरा पाहून मिस्त्रींनी टेबलाचा खण ओढला आणि एक काळपट, कडक झालेली चामड्याची वाटी काढून नव्या सीलशेजारी ठेवली. तरुणपणी ते हापसे दुरुस्त करणाऱ्या पथकात होते. वाटी त्या वेळची. "काम दोघांचे एकच," ते म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

त्या दोन वस्तूंचे नाते किती जुने आहे हे सांगण्यासाठी आधी सायकलच्या पंपाकडे वळायला हवे, कारण तो शाळेत सहज मिळतो. जुन्या पद्धतीच्या पंपाचा दांडा बाहेर काढला की टोकाला चामड्याची एक वाटी दिसते. आपण तिला वायसर म्हणतो. वाटीचे तोंड टायरच्या दिशेला असते. दांडा दाबला की पुढची हवा दाबली जाते, ती वाटीत शिरते आणि वाटीची कड नळीच्या भिंतीवर आवळून बसवते. जितका जोर जास्त, तितकी कड घट्ट. दांडा मागे ओढला की कड सैल पडते आणि नवी हवा कडेवरून पुढे जाते. हीच वाटी उलटी बसवली तर पंप चालत नाही. बरेच दिवस न वापरलेला पंप हवा धरत नाही, तेव्हा आपण वायसरला दोन थेंब तेल देतो आणि तो पुन्हा चालू लागतो. हे दोन्ही प्रयोग मुलांकडून जरूर करवून घ्यावेत. या लेखातली निम्मी गोष्ट त्यांतच आहे.

ही युक्ती यंत्रशास्त्रात कशी रुळली त्याची हकीकत लंडनमधली आहे. जोसेफ ब्रामा या कुलपे करणाऱ्या कारागिराने १७९५ साली द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. तत्त्व पास्कलचे, म्हणजे शंभरेक वर्षांहून जुने. लहान दट्ट्यावर थोडे बल लावायचे. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ शंभर पट असेल तर तिथे शंभर पट बल मिळते. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात मोठा दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांच्या फटीतून पाणी फवाऱ्यासारखे उडू लागले. फटीत भरण ठासून भरावे, तर पाणी थांबे. पण दट्ट्या असा जखडून जाई की दाब सोडला तरी तो खाली येईना. म्हणजे एकतर गळणारे यंत्र, नाहीतर अडकलेले यंत्र.

ब्रामाच्या कारखान्यात हेन्री मॉड्स्ले नावाचा विशीतला फोरमन होता. त्याचा पुढच्या काळातला साहाय्यक जेम्स नॅस्मिथ याने लिहून ठेवले आहे की तोडगा मॉड्स्लेने काढला. त्याने चामड्याचे एक कडे पन्हळीसारखे वळवले आणि पन्हळीचे तोंड पाण्याकडे ठेवून ते खोबणीत बसवले. दाब चढला की पाणीच पन्हळीत शिरून तिच्या कडा दट्ट्यावर दाबून धरी. दाब उतरला की कडा ढिल्या पडत आणि दट्ट्या आपल्या वजनाने खाली येई. गळती थांबवण्यासाठी लागणारे बल गळू पाहणाऱ्या पाण्याकडूनच घ्यायचे, असा हा विचार होता. श्रेयाबद्दल इतिहासकारांत थोडा वाद आहे, पण यंत्र या कड्यामुळेच उपयोगी ठरले याबद्दल नाही. मॉड्स्लेने पगार आठवड्याला तीस शिलिंगांहून वाढवून मागितला तेव्हा मालकाने नकार दिला. १७९७ साली तो नोकरी सोडून गेला आणि पुढे इंग्लंडमधल्या यंत्र-अवजारांच्या धंद्याचा एक आद्य पुरुष ठरला.

आता आपल्याकडचा हापसा. मिस्त्रींच्या खणातली वाटी इंडिया मार्क २ या हापशाची होती. तिचा पूर्वेतिहास बराचसा महाराष्ट्रातला आहे, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवा होता असे मला वाटते. १९६७ च्या सुमारास युनिसेफच्या मदतीने कठीण खडकात बोअर घेण्याचे काम देशात सुरू झाले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात त्याला वेग आला. बोअरला पाणी लागत होते, पण त्यावर बसवलेले बिडाचे पंप एका घरापुरते किंवा एका शेतापुरते बनवलेले होते. इथे सकाळपासून रात्रीपर्यंत सगळे गाव एका दांड्याला भिडलेले. १९७४ च्या सुमाराच्या पाहणीत सुमारे पाऊणशे टक्के हातपंप बंद असल्याचे आढळले. दुष्काळी तालुक्यात बंद पंप म्हणजे बायकांची आणि मुलींची डोक्यावर हंडे घेऊन मैलोन्मैल पायपीट.

याच्या थोडे आधी, दुष्काळी भागात विहिरींची कामे करणाऱ्या मिशनच्या मंडळींनी जालना आणि सोलापूर इथे गावाच्या वापराला टिकतील असे पोलादी पंप बनवले होते. सोलापूर पंपाची रचना विशेष सुटसुटीत होती. त्याचा दांडा एकाच आसावर फिरे आणि दट्ट्याच्या सळ्या साखळीने ओढल्या जात, त्यामुळे सळ्या नेहमी सरळ उभ्या राहत. हाच नमुना समोर ठेवून युनिसेफ, भारत सरकार, मद्रासची मेराडो ही संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी इंडिया मार्क २ घडवला. १९७९ साली त्याचे भारतीय मानक ठरले. पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांतही तो गेला.

या पंपाच्या नळकांड्याचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर. म्हणजे क्षेत्रफळ साधारण ३२ चौरस सेंटिमीटर. पाणी ३० मीटर खोल असेल तर दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास तीन किलोग्रॅम भार, म्हणजे चामड्याच्या वाट्यांवर सुमारे ९५ किलोग्रॅम वजनाइतके पाणी उभे! दांड्याची तरफ सुमारे आठास एक अशी असल्याने हाताला त्यातले बाराच किलो जाणवतात. (सळ्यांचे वजन आणि घर्षण वेगळे. आठवीच्या वर्गाला हे गणित घालून पाहा. गावातलाच हापसा असल्याने मुले उत्साहाने सोडवतात.) हा सगळा भार पेलून पाणी वर नेणाऱ्या दोन चामडी वाट्या मॉड्स्लेच्याच वाटेने काम करत: वरचे पाणी वाटीत दाबले जाई आणि कड भिंतीला चिकटे.

अडचण चामड्याची होती. एका कातड्याची जाडी दुसऱ्यासारखी नसते, कमावण्यातही फरक पडतो. बारीक वाळू कडेला घासते. वाटी झिजली की दांडा हलतो आणि पाणी येत नाही. मार्क २ मध्ये एवढीशी वाटी बदलायला पाइपांची सगळी माळ नळकांड्यासकट वर ओढावी लागे. त्यासाठी तिवई हवी, चार-पाच माणसे हवीत, पथकाची गाडी हवी. "वाटी रुपयांची, हेलपाटा दिवसाचा," असे मिस्त्रींनी याचे वर्णन केले. १९८३ ते १९८८ या काळात कोइमतूर भागात पंपांच्या सुधारणांच्या चाचण्या झाल्या. त्यांतून चामड्याच्या जागी नायट्राइल रबराच्या वाट्या आल्या आणि पाइप न उपसता दट्ट्या वर काढता येईल असा मार्क ३ तयार झाला. मिस्त्रींच्या बाकावर शेजारी ठेवलेले मोटरसायकलचे सील त्याच नायट्राइल रबराचे होते.

चामडे जाऊन रबर येण्याची गोष्ट मात्र मोटारींच्या जगात याच्या पन्नास वर्षे आधी घडली होती. जर्मनीत वाइनहाइम इथे फ्रॉइडेनबर्ग कुटुंबाचा १८४९ पासून चामडे कमावण्याचा धंदा. १९२९ च्या मंदीत चामड्याची मागणी कोसळली, तेव्हा त्यांनी मोटारींसाठी चामड्याची सील बनवायला घेतली. वाल्टर सिमर या तंत्रज्ञाच्या नावावरून तिथले आसाभोवती बसणारे सील 'सिमररिंग' म्हणून प्रसिद्ध झाले. पण इंजिनाच्या उष्णतेत चामडे वाळते आणि चिरते. १९३६ च्या सुमारास त्याच कारखान्यात चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. आजही सीलच्या धंद्यातले हे मोठे नाव आहे, आणि त्याचे मूळ चर्मालयात आहे.

कृत्रिम रबरच का? नैसर्गिक रबर तर गुडइयरने १८३९ साली गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करून ठेवले होते. उत्तरासाठी एक रबरबँड रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. आधी आणि नंतर लांबी मोजा. रबरबँड चांगलाच फुगतो आणि ओढला तर सहज तुटतो. नैसर्गिक रबराचे रेणू म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या, आणि खनिज तेलही त्याच दोन मूलद्रव्यांचे बनलेले. त्यामुळे तेलाचे रेणू रबराच्या साखळ्यांमध्ये घरच्यासारखे शिरून बसतात. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आयजी फार्बेन या जर्मन कंपनीत कोनराड आणि चुंकूर यांनी ब्युटाडाइनच्या साखळीत अधूनमधून ॲक्रिलोनायट्राइल गुंफले. त्याच्या नायट्राइल गटात विद्युतभाराची विभागणी असमान असते. अशा साखळ्या एकमेकींना धरून राहतात आणि तेलाला आत घेत नाहीत. ॲक्रिलोनायट्राइलचे प्रमाण वाढवले तर तेलाचा त्रास आणखी कमी होतो, पण थंडीत रबर ताठरते. म्हणून एक तृतीयांशाच्या आसपासचे प्रमाण बऱ्याच कामांना सोयीचे पडते. या रबराचे पहिले व्यापारी नाव 'बुना एन'. याच कंपनीने महायुद्धात आऊश्वित्झजवळ मोनोवित्झ इथे बुना रबराचा प्रचंड कारखाना उभारायला घेतला आणि त्यासाठी छळछावणीतल्या कैद्यांना राबवले. हजारो माणसे मेली. रबर तिथे कधीच तयार झाले नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत बुनाचे सूत्र असते, ही हकीकत नसते.

योगायोग असा की मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला तेल भरलेला फोर्क त्याच सुमारास आला. पूर्वीचे फोर्क म्हणजे दांड्यांचा सांगाडा आणि स्प्रिंग. हेलकावे थोपवायला घर्षणाच्या चकत्या. १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर १२ आणि आर १७ या गाड्यांना एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा फोर्क दिला आणि हेलकावे शमवायचे काम तेलावर सोपवले. तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाताना खड्ड्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. युद्धानंतर हा फोर्क जगभर पसरला. आपल्याकडे १९५५ नंतर मद्रासच्या बुलेटबरोबर आणि १९८५ नंतर हिरो होंडासारख्या हलक्या गाड्यांबरोबर तो खेड्यापर्यंत पोचला. आज रावेर-यावलच्या केळीच्या बागांतून दुधाचे कॅन लादून धावणाऱ्या बहुतेक गाड्यांना तोच असतो.

आता मिस्त्रींच्या वाक्याकडे परत येऊ. फोर्कमध्ये तेलाचा दाब फार नसतो. खरा प्रश्न वेगळाच आहे. आतली नळी तेलातून बाहेर येते ती अंगावर तेलाचा पातळ थर घेऊनच येते. हा थर अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग, धरू. नळीचा व्यास ३१ मिलिमीटर आणि हेलकावा ५० मिलिमीटर असेल तर एका खेपेला साधारण २.४ घनमिलिमीटर तेल बाहेर येते. क्षुल्लक! पण खराब रस्त्यावर सेकंदाला अडीच हेलकावे धरले तर सव्वादोन तासांत वीस हजार खेपा होतात आणि जवळपास ५० घनसेंटिमीटर तेल बाहेर पडायला हवे. फोर्कच्या एका पायात तेल असते दीडशे-दोनशे घनसेंटिमीटर. या हिशेबाने मुक्ताईनगरहून निघालेली गाडी दिवसभरात कोरडी पडेल. तशी ती पडत नाही. मग बाहेर आलेले तेल जाते कुठे?

ते परत आत जाते. १९४७ साली ब्रिटनमध्ये व्हाइट आणि डेनी यांनी लवचीक सीलवरच्या प्रयोगांचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला, आणि सीलखालच्या तेलाच्या थराकडे लक्ष गेले. १९६३ साली हॉलंडमधील डेल्फ्टचे ब्लॉक यांनी या थराचे गणित उलट दिशेने मांडले: ओठाखालचा दाब माहीत असेल तर थर किती जाड? दाब जिथे एकदम चढतो तिथे थर पातळ होतो, जिथे सावकाश चढतो तिथे जाड राहू शकतो. म्हणून सीलचा ओठ दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. तेलाकडची बाजू उभी, हवेकडची बाजू निमुळती. नळी बाहेर येताना उभी कड तेल निपटून घेते आणि अगदी पातळ थर जाऊ देते. नळी आत जाताना निमुळत्या बाजूखालून जाड थरही आत शिरू शकतो. म्हणजे बाहेर जाताना वाट अरुंद, आत येताना रुंद. सायकलच्या पंपातल्या वाटीसारखे सीललाही तोंड असते, आणि उलटे बसवले तर तेच सील तेल बाहेर उपसते.

ओठ जास्त आवळला तर थरच पुसला जातो. रबर कोरडे घासते, तापते, त्याची कड गोल होते, आणि तेल निपटणारी धार गेली की गळती सुरू. माझे ३०चे सील पहिले चार दिवस उत्तम चालले असते. दुकानदाराची हमी चार दिवसांपुरती खरी होती म्हणा!

चहा येईपर्यंत मिस्त्रींनी स्वतःकडचे सील निवडले. त्यांची पद्धत मी लक्षपूर्वक पाहिली. सीलवर तीन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ३१-४३-१०.३. आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची, सगळे मिलिमीटरमध्ये. मोकळ्या स्थितीत ओठ नळीहून थोडा लहान असतोच. तो घट्टपणा बनवणाऱ्याने मोजून ठेवलेला असतो, आपण वर भर घालायची नाही. मग त्यांनी ओठ बोटाने दुमडून सोडला. तो लगेच जागेवर यायला हवा. दुमडीवर बारीक भेगा दिसल्या तर सील बाद. दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात टांगलेली सील ते घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण ऊन आणि हवेतला ओझोन नायट्राइलच्या साखळ्या तोडतात. ओठामागची बारीक वेटोळ्यांची स्प्रिंग जागेवर आहे ना, हेही पाहिले. तपकिरी रंगाचे महाग फ्लुओरोरबराचे सील घ्यावे का, असे मी विचारले. ते रबर १९५७ पासून बाजारात आहे आणि दोनशे अंश सेल्सियसपर्यंत टिकते. पण खानदेशच्या ४५ अंशांच्या उन्हातही फोर्क शंभर अंशांच्या जवळपास जात नाही, आणि तेवढे नायट्राइल सोसते. तेव्हा पैसे वाचले. जाड तेल भरल्याने गळती थांबते हाही एक लोकप्रिय समज आहे. थराची जाडी तेलाच्या दाटपणाबरोबर वाढते, तेव्हा त्यातून काही साधत नाही. उलट फोर्क ताठर होतो.

नळी उघडी केल्यावर त्यांनी तिच्यावरून नख फिरवले. एका जागी नख अडकले. क्रोमच्या थराखालून गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा फोड आला होता. इथली काळी माती चिखल होऊन नळीवर बसते, वाळते आणि मग प्रत्येक हेलकाव्याला डस्ट सीलखाली घासली जाते. गळतीचे मूळ हा फोड होता. जुने सील बिचारे तसे बरे होते. फोड बारीक दगडाने सपाट करून, खळगा भरून, पॉलिश करून मगच नवे सील बसवले. नळीच्या टोकावर प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळली, म्हणजे धारेने ओठ कापला जाऊ नये. ओठाला तेल लावले आणि स्प्रिंगची बाजू खाली, तेलाकडे. दुसऱ्या पायातले सीलही त्यांनी बदलले. ब्रेकची चकती धुतली आणि तेल प्यालेले ब्रेक पॅड फेकून नवे लावले.

दुपारी चांगदेवला जाऊन आलो. रस्ता बराच खडबडीत होता. परतल्यावर गॅरेजपुढे गाडी उभी करून मिस्त्रींनी नळीवरून बोट फिरवले आणि मला दाखवले. बोट किंचित चकाकत होते, ओघळ मात्र नव्हता. "एवढे राहू द्या," ते म्हणाले. चामड्याची वाटी त्यांनी पुन्हा खणात टाकली.